कडा, बुरूज आणि प्रेक्षक : हिरकणीच्या कथेतील श्रमणारा स्त्रीदेह

प्रास्ताविक :
मराठी लोकमानसात ज्या मोजक्या सामान्य स्त्रियांना नावानिशी स्थान मिळाले, त्यांत हिरकणी अग्रभागी आहे. ती राणी नव्हती, संत नव्हती, कोणा सरदाराची कन्या वा पत्नीही नव्हती. रायगडाच्या पायथ्याशी राहणारी आणि गडावर दूध घालणारी ती एक गवळण. कोजागरीच्या दिवशी तिला गडावर उशीर झाला, सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद झाले आणि घरी तर तान्हे मूल. म्हणून ती रात्री पश्चिमेकडील कडा उतरून घरी गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधविला. ही आख्यायिका होय. इतिहासाचे साधन म्हणून तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु एखादा समाज जी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, तीत तो काय सांगतो आणि काय गाळतो, हे त्या समाजाविषयीचे एक साधन निश्चितच असते.

हिरकणीची कथा मातृत्वाची कथा म्हणून सांगितली जाते. ते चूक नाही. मात्र ज्या देहाने तो कडा उतरला तो देह या वाचनातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याचे नाहीसे होणे आणि आजच्या स्त्रीला उघड्यावर, चारचौघांत व्यायाम करताना वाटणारा संकोच यांचा परस्परांशी संबंध आहे, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहण्याचा हा प्रयत्न.

या विचाराचे निमित्त सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी पदवी वर्गाची अभ्याससहल घेऊन आम्ही रायगडावर गेलो होतो. महाडहून पाचाडमार्गे गडाशी आल्यावर वर जाण्याचे दोन मार्ग समोर असतात. एक चित्त दरवाज्याचा, सुमारे चौदाशे-पंधराशे पायऱ्यांचा. दुसरा हिरकणीवाडीतून निघणाऱ्या रज्जुमार्गाचा. 1996 पासून चालू असलेला हा मार्ग सुमारे साडेसातशे मीटर लांब असून चार-पाच मिनिटांत चारशे मीटर उंची चढवून देतो. सर्व मुले पायऱ्यांनी निघाली. एका विद्यार्थिनीने मात्र पाय दुखत असल्याचे सांगून रज्जुमार्गाने येण्याची परवानगी मागितली. संध्याकाळी परतीच्या गाडीत तिने खरे कारण सांगितले. पाय दुखत नव्हते. अंगाने ती स्थूल होती. पायऱ्यांवर दम लागतो, घामाने कपडे अंगाला चिकटतात आणि मागून येणारे सारे पाहत असतात, हे तिला नको होते. गड चढण्याची तिला भीती नव्हती, चढताना दिसण्याची होती. त्याच पायऱ्यांवर त्या दिवशी डोक्यावर ताकाची कळशी घेतलेली, पन्नाशी उलटलेली एक स्थानिक बाई आमच्या पुढून सहज वर गेली होती. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. म्हणजे तिला देह म्हणून पाहिले नाही. तीही घामाघूम होती. दोघींचा घाम एकच, मग एकीला त्याची लाज का वाटावी आणि दुसरीला का वाटू नये, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

कथा काय झाकते :
हिरकणीच्या कथेचे तीन टप्पे पाडता येतात : गडावर अडकणे, कडा उतरणे आणि गौरव. रूढ कथनांत पहिला व तिसरा टप्पा विस्ताराने येतो. पहारेकऱ्यांना केलेली विनवणी येते, मातेच्या जिवाची तगमग येते, महाराजांचे आश्चर्य आणि औदार्य येते. मधला टप्पा, म्हणजे ज्यामुळे ही कथा घडली तो प्रसंग, एक-दोन वाक्यांत उरकतो. काट्यांनी अंग ओरबाडले, पाय घसरले, पण ती उतरली. ती कशी उतरली, हात कोठे रोवला, कड्याकडे तोंड केले की पाठ, लुगड्याचा काष्टा कसा खोवला, याविषयी कथा मौन पाळते. कड्याची जी माहिती तिच्या तळपायांना असणार, रोज दुधाच्या भाराने चढउतार केल्यामुळे तिच्या मांड्यांत जे बळ आलेले असणार, त्याचा उल्लेख नाही. ‘आईच्या मायेने ती उतरली’ एवढे म्हटले की झाले. मायेने कडा उतरण्याची प्रेरणा मिळते. प्रत्यक्ष उतरावे लागते ते हातापायांनी. डोंगरात वाढलेल्या कोणालाही हा फरक कळतो. कथाकारास मात्र तो नको असतो, कारण तो मान्य केला की हिरकणी एक कुशल गिर्यारोहक ठरते, आणि मग कौतुक तिच्या ममतेबरोबर तिच्या देहाचेही करावे लागते.

गौरवाचा टप्पाही असाच बोलका आहे. साडीचोळी हा मानाचा रूढ प्रकार असून त्यातून कसलाही गूढ अर्थ काढण्याचे कारण नाही, हे मला मान्य आहे. तरीही ज्या देहाने पराक्रम केला त्याला मिळालेले पारितोषिक वस्त्राचे आहे, आणि ज्या वाटेने तो केला ती वाट बुरूज बांधून बंद केली गेली, ही कथेची रचना दृष्टिआड करता येत नाही. संरक्षणाच्या दृष्टीने बुरूज बांधणे योग्यच होते. जेथून एक बाई उतरू शकते तेथून शत्रू चढू शकतो. पण कथनाच्या पातळीवर असे घडते, की स्त्रीच्या देहाने शोधलेली वाट त्या देहाच्याच सन्मानार्थ बुजविली जाते.

नंतरच्या काळात या नावाचे जे झाले ते पाहावे. बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी जी बंदिस्त खोली असते तिला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. सोय अत्यंत आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. पण उघड्या कड्यावर उतरलेल्या स्त्रीचे नाव चार भिंतींच्या आडोशाला मिळाले. राज्य परिवहन महामंडळाच्या निमआराम गाडीचेही तसेच. 1982 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांवरून लोकांत ‘एशियाड’ म्हणून रूढ झालेली ही सेवा पुढे ‘हिरकणी’ झाली. खेळाचे नाव गेले, आईचे आले. आणि जिने आयुष्यात कधी आराम केला नसेल तिच्या वाट्याला निमा आराम आला. एवढा विनोद क्षम्य मानावा.

‘अंग चोरणे’ :
मराठी भाषेने या प्रश्नावर आपल्यापुरते भाष्य करून ठेवले आहे. ‘अंग चोरणे’ या वाक्प्रचाराचे दोन अर्थ आहेत. गर्दीत कोणाला स्पर्श होऊ नये, कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून शरीर आक्रसून घेणे, हा एक. कामात कुचराई करणे हा दुसरा. ‘अंगचोर’ हा शब्द तर केवळ दुसऱ्याच अर्थाने वापरतात. एस. टी.च्या बाकावर मुलीने अंग चोरून बसावे अशी आपली अपेक्षा असते, आणि शेतात, घरात, पाणवठ्यावर तिने अंग चोरू नये अशीही असते. याच्या उलट बाजूस ‘अंग मोडून काम करणे’ आहे, ‘अंगमेहनत’ आहे. स्त्रीच्या अंगाला भाषेने दोनच जागा दिलेल्या दिसतात : चोरण्याची आणि मोडण्याची. अंग मोकळे सोडणे, ते पसरणे, त्याला केवळ त्याच्या आनंदासाठी राबविणे यासाठी स्त्रीच्या संदर्भात सहजपणे वापरावा असा गौरवपर शब्द मला तरी आठवत नाही. ‘मोकाट’, ‘उंडारणे’, ‘धिंगाणा’ हे शब्द आठवतात.

ताकवालीच्या आणि माझ्या विद्यार्थिनीच्या घामातील फरक येथे उलगडू लागतो. ताकवालीचा घाम अंगमेहनतीचा. त्यामागे पोटापाण्याचा हेतू आहे, म्हणून तो दिसला तरी दिसत नाही. विद्यार्थिनीचा घाम निर्हेतुक. गड चढण्याने तिच्या घरात चार पैसे येणार नव्हते की कोणाचे मूल दूध पिणार नव्हते. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवरील आपल्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या ग्रंथात स्त्रीला रस्त्यावर असण्यासाठी सतत काहीतरी हेतू दाखवावा लागतो, असे प्रतिपादन केले आहे. हाच नियम श्रमणाऱ्या देहाला लावून पाहता येतो. मूल, संसार, देव, फार तर देशासाठीचे पदक, असा कोणासाठी तरी केलेला श्रम उजळ माथ्याने करता येतो. माणदेशातील ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली तेव्हा तिच्या धावण्याचा सर्वांना अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. पण त्याच तालुक्यातील एखादी चाळिशीची स्थूल गृहिणी पहाटे रस्त्याने धावू लागली तर तिच्याजवळ दाखवायला कोणता हेतू आहे? स्वतःची प्रकृती हा हेतू आपल्याकडे अजून पुरेसा मानला जात नाही. म्हणून ती धावत नाही, ‘फिरायला’ जाते; तेही मैत्रिणीबरोबर, साडीवर स्वेटर घालून, आणि कोणी ओळखीचे समोरून आले की चाल मंद करते.

पुरुषांच्या बाबतीत वाङ्मयीन परंपरा वेगळी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (1958) मधील ‘उपास’ या लेखात निवेदकाचे वजन, त्याचा उपास आणि तो कमी करू पाहत असलेली चरबी हा साऱ्या चाळीचा सार्वजनिक विषय होतो. प्रत्येक बिऱ्हाड सल्ला देते, टिंगल करते, आणि शेवटी वजन कमी होण्याऐवजी वाढते. यात देहाची शरम नाही असे नाही. पण ती प्रथमपुरुषी आहे. स्थूल पुरुष स्वतःवर हसतो आणि हसण्याची सूत्रे आपल्या हाती ठेवतो. मराठी विनोदात स्थूल स्त्री विपुल आहे, परंतु ती बहुधा दुसऱ्याच्या तोंडी आहे. तिचा ‘मी’ क्वचितच ऐकू येतो. या पार्श्वभूमीवर सचिन कुंडलकर यांचा ‘वजनदार’ (2016) हा चित्रपट उल्लेखनीय ठरतो. पाचगणीतील दोन मैत्रिणी वजन कमी करण्याच्या खटाटोपात पडतात आणि अखेर आपल्या देहाशी समेट करतात. चित्रपटाचा सूर हलका आहे आणि समेट काहीसा लवकर होतो, असे माझे मत आहे. तथापि स्थूल स्त्रीला तिचा स्वतःचा विनोद परत देण्याचे श्रेय त्यास द्यावे लागेल.

पाहणारे डोळे :
मानसशास्त्राने या संकोचाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. आपल्या शरीराकडे इतर जण मूल्यमापनाच्या दृष्टीने पाहत आहेत या जाणिवेतून येणाऱ्या चिंतेचे मापन करण्यासाठी हार्ट, लिअरी व रेजेस्की यांनी 1989 मध्ये बारा विधानांची एक श्रेणी तयार केली. फ्रेडरिक्सन व रॉबर्ट्स यांनी 1997 मध्ये मांडलेल्या वस्तूकरणाच्या सिद्धांतानुसार स्त्री हळूहळू स्वतःच्या देहाकडे बाहेरून, प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहू लागते आणि तिच्या लक्षाचा एक हिस्सा सतत त्या पहाऱ्यात खर्ची पडतो. याआधी 1980 मध्ये आयरिस मॅरियन यंग या तत्त्वचिंतक विदुषीने मुलींच्या चेंडू फेकण्याच्या ढबीवरून असे दाखविले होते, की मुली उपलब्ध अवकाश पूर्णपणे वापरत नाहीत. हात फेकतो, पण खांदा व कंबर मागेच राहतात. आपण ज्याला ‘अंग चोरणे’ म्हणतो त्याचेच हे तात्त्विक विवेचन होय. महाविद्यालयाच्या क्रीडामहोत्सवात ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी डकवून धावणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

याच संदर्भात एक दिलासाही नेहमी दिला जातो. गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठविण्यात आले. जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात सुमारे चौथाई लोकांच्याच लक्षात आले होते. तात्पर्य, लोक आपल्याकडे आपल्याला वाटते तितके पाहत नाहीत. हा निष्कर्ष खरा असला तरी तो महाडच्या रस्त्यावर जसाच्या तसा आणणे मला पटत नाही. तो प्रयोग अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या खोलीत झाला. आपल्याकडे पळणाऱ्या स्त्रीकडे लोक पाहतात, वळून पाहतात, शेरे मारतात आणि हल्ली मोबाईलवर चित्रितही करतात. तेव्हा ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे तिला सांगणे हा शास्त्राच्या आडून केलेला अन्याय ठरेल. इंग्लंडमध्ये 2015 साली सुरू झालेल्या ‘धिस गर्ल कॅन’ या मोहिमेने निदान एवढे ओळखले, की लोक नावे ठेवतील ही भीतीच अनेक स्त्रियांना व्यायामापासून दूर ठेवते. म्हणून तिने घामेजलेल्या, थुलथुलीत, सर्व वयांच्या स्त्रिया जाहिरातीत दाखविल्या. अर्थात दाखविल्याने पाहणाऱ्याची नजर बदलतेच, असा माझा भाबडा विश्वास नाही.

रात्र आणि वारी :
आपल्या परंपरेने या नजरेवर स्वतःचे उपाय शोधले होते. त्यांतील पहिला रात्रीचा. मंगळागौरीच्या जागरणात फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा असे खेळ रात्रभर चालत. बसफुगडीने मांड्यांना व गुडघ्यांना होणारा व्यायाम कोणत्याही व्यायामशाळेच्या तोडीचा आहे. पण दार लावलेले, पुरुष बाहेर. गौरी-गणपतीत कोकणातल्या वाड्यांवर बायकांचे फेर रंगतात त्यांनाही रात्रीचाच आधार. पुरुषांची तालीमही, लक्षात घेतले पाहिजे, बंदिस्तच असे. लंगोटातला देह लाल मातीत, आपल्यासारख्यांच्याच समोर उघडा होई. फरक एवढाच की तालमीतून बाहेर पडल्यावर पैलवानाला छाती काढून गावातून चालता येई. मंगळागौरीहून परतणारी सून पहाटे पुन्हा पदर घेऊन चुलीपुढे बसे. हिरकणीचे उतरणेही रात्रीचेच. कोजागरीचे चांदणे होते, पण पाहणारा कोणी नव्हता. तिने अंग चोरले नाही, कारण कोणापासून चोरायचे तेच तेथे नव्हते. कथेतील हा निर्मनुष्य अवकाश मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. स्त्रीच्या देहाचा सर्वांत मोठा पराक्रम लोककथेला प्रेक्षकांशिवायच कल्पिता आला.

दुसरा उपाय वारीचा, आणि तो माझ्या वरील मांडणीला काहीशी अडचणीत आणणारा आहे. पंढरीच्या वाटेवर सर्व वयांच्या, सर्व बांध्यांच्या बायका भर उन्हात, भर रस्त्यात, पुरुषांच्या देखत फुगडी घालतात. साठीची बाई विशीतल्या मुलीचे हात धरून गरगरते, पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, श्वास फुललेला. लाजेचा मागमूस नसतो. देवासाठी केलेला श्रम म्हणून हे क्षम्य ठरते, असे म्हणून मी सुटू शकते. परंतु ते पुरेसे नाही. त्याच बायका गावातल्या देवळासमोर, देवासाठीच, अशा खेळणार नाहीत. वारीत वेगळे असते ते हे, की तेथे काठावर उभा राहून नुसता पाहणारा जवळजवळ कोणी नसतो. पाहणारा पुढच्या क्षणी स्वतः रिंगणात असतो. पुरुषही एकमेकांशी फुगड्या घालतात. करणारा व पाहणारा ही विभागणीच मोडते. म्हणजे लाज निर्हेतुकतेतून येते, हे माझे प्रतिपादन अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे, की लाज काठावरच्या माणसातून येते. क्रीडांगणाभोवतीच्या कट्ट्यावर बसलेल्या, स्वतः कधीही न धावणाऱ्या त्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात मी कधी पाहिलेला नाही. आपणा प्राध्यापकांपैकी बहुतेक जण क्रीडादिनी नेमके त्याच जागी, खुर्चीवर, बसलेले असतात. मीही असते.

कड्यावरचा कॅमेरा :
प्रसाद ओक दिग्दर्शित ‘हिरकणी’ (2019) या चित्रपटाकडे या दृष्टीने पाहता एक पेच समोर येतो. कीर्तनकाराला वा पाठ्यपुस्तकाला मधला टप्पा दोन वाक्यांत उरकता येतो. चित्रपटाला येत नाही. दृश्यमाध्यमाला देह दाखवावाच लागतो. सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली हिरकणी कडा उतरते तेव्हा कथेच्या इतिहासात प्रथमच असंख्य प्रेक्षक त्या निर्मनुष्य रात्रीत शिरतात. श्रमाला दृश्यरूप मिळाले, हा लाभ मोठा आहे. मात्र चित्रपटाची सारी भावनिक बांधणी तान्ह्या बाळाच्या ओढीवर उभी असल्यामुळे प्रेक्षकाला तिच्या देहाकडे पाहण्याची मुभा पुन्हा मातृत्वाच्याच परवान्यावर मिळते. मूल नसते तर हा कडा आपण पाहिला असता का? केवळ उतरता येतो म्हणून, चांदणे पडले आहे म्हणून एखादी गवळण कडा उतरली, अशी कथा मराठीत रुजली असती का? मला शंका आहे. तशी बाई ‘अगोचर’ ठरली असती. ज्याचे वर्तन आवरत नाही तो अगोचर, आणि जे दृष्टीस पडत नाही तेही अगोचरच.

या आख्यायिकेच्या काही कथनांत आणखी एक तपशील येतो, ज्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. सकाळी गडाचे दरवाजे उघडले तेव्हा हिरकणी दुधाची चरवी घेऊन बाहेरच उभी होती. रात्री आत अडकलेली बाई बाहेरून आलेली पाहून पहारेकरी चक्रावले आणि त्यातूनच सारा प्रकार उघडकीस आला. म्हणजे रात्रभर कडा उतरून, मुलाला पाजून, ओरबाडलेल्या अंगाने ती पहाटे पुन्हा रोजच्या वाटेने गड चढली होती. या चढण्याविषयी एकही कथन एक शब्द बोलत नाही. ते दिवसाउजेडी घडले, पाहणारे होते, दूध घालणे हे तिचे कामच होते. दरवाज्याशी पोहोचली तेव्हा तिला दम लागला होता का, आणि पहारेकऱ्यांसमोर तिने तो आवरून धरला का, हे कोणी विचारले नाही.